११ हजार मैल चाललेली १९७३ ची एमजीबी आणि सोलापूरचे रस्ते: मालकाचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, गाडी एक नंबर आहे आणि मी ती विकणार नाहीये, त्यामुळे हा रिव्ह्यू कुणाला गळ्यात मारायला लिहिलेला नाही. १९७३ ची एमजीबी रोडस्टर, दोन सीटची, उघड्या टपाची, उजव्या हाताला स्टिअरिंग, रंग हार्वेस्ट गोल्ड म्हणजे उन्हात वाळलेल्या मालदांडीच्या कडब्यासारखा. घेतली तेव्हा मीटरवर ११ हजार मैलांच्या आसपास आकडा होता, म्हणजे किलोमीटरमध्ये १८ हजाराच्या आत. पन्नास वर्षात एवढंच चाललेली. लिहायचं कारण असं की जुनी गाडी शोधायलेला प्रत्येक माणूस पहिलं "किती चाललीय" हेच विचारतो आणि आकडा कमी दिसला की डोळे झाकून दोन-चार लाख वाढवून द्यायला तयार होतो. तर कमी चाललेली क्लासिक गाडी म्हणजे नक्की काय मिळतं, काय काय आधीच मेलेलं असतं, आणि ती आपल्या उन्हात, आपल्या रस्त्यांवर, आपल्या पंपावरच्या पेट्रोलवर कशी चालते हे मराठीत कुणीतरी नीट लिहायला पाहिजे म्हणून लिहितोय.

सोलापुरात एमजी म्हणलं की लोक हेक्टर समजतात. बरोबर आहे, २०१९ पासून रस्त्यावर तीच दिसते. ही एमजी जुनी, मूळची इंग्लंडची, अॅबिंग्डनच्या कारखान्यातली. एमजीबी १९६२ ते १९८० एवढी वर्षं बनत होती आणि सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाखाच्या वर गाड्या निघाल्या, त्यामुळे स्पोर्ट्स कार असूनही ही काही राजे-महाराजांची गाडी नव्हे, तिकडच्या मास्तर-डॉक्टर लोकांची गाडी आहे. इंजिन १७९८ सीसी, चार सिलिंडर, दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर (पेट्रोलात हवा मिसळून इंजिनला देणारे), कागदावर ९५ हॉर्सपॉवर. आणि आता खरी गंमत, हे इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजचं. आपल्या पेट्रोल अॅम्बेसिडरमध्ये जे १४८९ सीसीचं इंजिन वर्षानुवर्षं चाललं तेही ह्याच बी-सिरीजचं. म्हणजे दोघी एकाच भावकीतल्या. सगळे पार्ट इकडचे तिकडे बसत नाहीत, पण पुशरॉड कुठं, टॅपेट कुठं, डिस्ट्रिब्युटर कुठल्या बाजूला हे ज्याने आयुष्यभर अॅम्बेसिडर खोलली त्याला बोनेट उघडल्याबरोबर कळतं. गाव लहान असेल आणि गाडी परदेशी असेल तर ही फार मोठी गोष्ट आहे.

गाडी आली कुठून तर रेल्वे लाइन्स भागात एक डॉक्टरसाहेब होते, सत्तरच्या दशकात इंग्लंडहून परत येताना घेऊन आले. काही वर्षं चालवली, मग प्रॅक्टिस वाढली, मुलं झाली, दोन सीटच्या गाडीत कोण कुठं बसणार, गाडी पोर्चमध्ये गेली आणि तिथंच राहिली. वर ताडपत्री, आजूबाजूला जुनी फर्निचरं. ते गेल्यावर घरच्यांनी विकायला काढली आणि ओळखीतून माझ्यापर्यंत आली.

आता कमी चाललेल्या गाडीत काय मिळतं ते सांगतो. मिळतं ते म्हणजे पहिल्या दिवसापासूनच्या वस्तू. पेडलचे रबर बघा, चालवलेल्या गाडीत क्लचच्या रबराची उजवी कड घासून गुळगुळीत होते, इथं रेघा जशाच्या तशा. दार ढकललं की एकदाच खट्ट आणि बंद, बिजागरी उचलून लावायला लागत नाही. सीटची शिलाई कंपनीची. गिअर टाकताना तिसऱ्या-दुसऱ्याला करकर नाही, किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्या खुंट्यावर वळतात तो, ढिला नाही. डिकीत टूलची गुंडाळी जशीच्या तशी, आणि सर्व्हिसचं पुस्तक, शिक्क्यांसकट. ह्या सगळ्या गोष्टी एकमेकींशी जुळल्या म्हणून मी मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवला. नुसत्या आकड्यावर कधीच ठेवू नका, मीटर मागं फिरवणं अवघड काम नाही, पण पेडलचा रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, चावीच्या भोकाभोवतीचे ओरखडे आणि कागदं ह्या सगळ्यांना एकच खोटं बोलायला लावणं लई अवघड आहे.

आणि आता जे मेलेलं असतं ते. रबर म्हणून जे जे काही आहे ते सगळं. रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचे वॉशर, मागच्या व्हील सिलिंडरचे कप, ब्रेकचे होज, रेडिएटरचे होज, इंजिन माउंटिंग, स्टिअरिंग रॅकचे बूट, दारांचे बिडिंग. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे सिलिंडर आतून गंजून पिस्टन जाम. टाकीतलं पेट्रोल आटून त्याचा डिंक झालेला, उघडल्यावर जुन्या व्हार्निशचा वास. कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई चिकटलेली. टायर वरून नवे दिसायचे, नक्षी पूर्ण, पण बाजूला नखाने दाबलं की भेगा उघडायच्या. असल्या टायरवर हायवेला जाणं म्हणजे जिवाशी खेळ, गाडी घेतली की पहिला खर्च टायरचा धरा, बाकी सगळं नंतर. आपलं नशीब चांगलं की १६५/८० आर १४ हा साइज डिझायरच्या बेस मॉडेलला येतो, त्यामुळे टायर इथंच दुकानात मिळाले, परदेशातून मागवायची गरज नाही पडली.

गाडी ज्यांनी उभी केली ते मेस्त्री म्हणजे आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, अशोक चौकाच्या मागं राहतात, पूर्वी लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये फिटर होते, मिल बंद पडल्यावर गाड्यांच्या कामाला लागले. ह्या गाडीचे सगळे नट-बोल्ट इंचात. आजकालच्या गॅरेजमध्ये दहा-बारा-चौदाचे पाने, ते हिला घातले की नटाची डोकी गोल होतात. मामांकडे जुन्या पेटीत साडेतीन सुती, चार सुती, साडेचार सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असा अख्खा सेट, मिलच्या काळापासून तेल लावून ठेवलेला. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स मी पुस्तकात बघून १५ थाऊ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश, म्हणलं तर त्यांनी गेजची पट्टी न बघता बोटाने मोजून काढली. इंजिन चालू करायची घाई त्यांनी अजिबात केली नाही. प्लग काढले, चारही भोकात थोडं थोडं ऑइल सोडलं आणि गाडी तशीच ठेवून घरी गेले. पुढं काही दिवस रोज संध्याकाळी यायचे, पुलीच्या बोल्टवर पाना लावून हळूच रेटून बघायचे, हलत नाही म्हणल्यावर जोर न लावता पाना पेटीत टाकायचे. एका संध्याकाळी पाना अर्धा इंच सरकला, मग एक इंच, मग अख्खा फेरा झाला. मामांनी एवढंच म्हणलं, "मालक, हिला काय बी झालेलं नाही ओ, नुसती बसवून ठेवलीय."

क्लचचं त्याहून अवघड होतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते, पेडल दाबलं तरी सुटत नाही, आणि ह्या गाडीत क्लचला हात लावायचा तर इंजिन बाहेर काढावं लागतं. मामांनी आधी क्लचचं हायड्रॉलिक नीट केलं, पेडल दाबून सीटपर्यंत लाकडाची पाचर मारून ठेवली, रात्रभर. मग इंजिन चांगलं गरम करून, मागची चाकं जॅकवर, टॉप गिअरमध्ये गाडी चालू, क्लच दाबलेला आणि ब्रेकला हलके हलके झटके. चौथ्या-पाचव्या झटक्याला आतून "टक्" असा आवाज आला आणि इंजिन मोकळं फिरायला लागलं. इंजिन काढायचा सगळा खर्च तिथं वाचला. कुणाला अशी उभी गाडी मिळाली तर गॅरेजवाल्याला "क्लच गेलाय, इंजिन उतरवू" म्हणू देऊ नका, आधी हे करून बघायला सांगा.

पाठीमागे सीटच्या मागच्या फळीखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, त्या जागी आता १२ व्होल्टची एकच बसवलीय. हा बदल बहुतेक एमजीबीवाले करतात आणि केलाच पाहिजे, कारण त्या साइजच्या दमदार सहा व्होल्टच्या बॅटऱ्या आता शोधत बसायला वेळ कुणाला आहे. मूळ ट्रे, मूळ वायरी तशाच ठेवल्यात.

आता चालवण्याबद्दल. चावी फिरवली की मागून पेट्रोल पंपाची टिकटिक सुरू होते, आधी भराभर, मग कार्ब्युरेटरची वाटी भरत आली की सावकाश, मग थांबते. थांबली की चोक ओढायचा आणि स्टार्टर. थंड्या इंजिनाला पहिला मिनिटभर खोकला, मग हळूहळू चोक आत. दोन कार्ब्युरेटर सारखे ओढतायत का हे मामा रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून ऐकतात, आधी एक, मग दुसरा, दोन्हीकडचा फुसफुस आवाज एकसारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत राहतात. ते जुळलं की आयडलिंगला गाडीच्या बोनेटवर हात ठेवा, थरथर अशी जाणवतच नाही.

माझा आवडता रस्ता तुळजापूरचा. पहाटे निघायचं, हिप्परग्याच्या तलावाजवळ येईपर्यंत ऑइल गरम होतं, प्रेशरचा काटा खाली बसतो, तोपर्यंत मी इंजिनला पळवत नाही. मग चौपदरी मोकळा. स्पीडोमीटर मैलात आहे, काट्यावर ५० म्हणजे आपले ८०, आणि ह्या गाडीत बसून ८० म्हणजे हेक्टरमधल्या १३० इतके वाटतात कारण तुम्ही जमिनीपासून वीतभर वर बसलेले, वारा डोक्यावरून आणि रस्ता दाराच्या कडेवरून दिसतो. ओव्हरड्राइव्हचा खटका दाबला की क्लच न दाबता इंजिनचा आवाज एकदम उतरतो आणि गाडी तशीच पळत राहते, पाचवा गिअर पडल्यासारखी. तिसऱ्यावर पण चालतो तो, त्यामुळे तुळजापूरच्या घाटात गिअरच्या दांडीला हात न लावता नुसता खटका वरखाली करत चढता येतं. स्टिअरिंगला पॉवर नाही, जागेवर उभी असताना फिरवायला दंड लागतो, पण चालत्या गाडीत प्रत्येक खडा हाताला कळतो. आजच्या कुठल्याही गाडीत हे मिळत नाही, किती पण लाख द्या. पुढं डिस्क ब्रेक, मागं ड्रम, ब्रेकचा जोर वाढवणारा सर्वो धरून थांबते चांगली, पण एबीएस नाही हे डोक्यात ठेवून अंतर ठेवायचं.

पळण्याच्या बाबतीत स्पष्ट सांगतो, शून्य ते शंभर किमीला बारा-तेरा सेकंद लागतात, आजची साधी टर्बो हॅचबॅक हिला सिग्नलवरून मागं टाकते. ज्याला पळवायचीय त्याने ही घेऊ नये. मला ६०-७० च्या वेगात जे मिळतं त्यासाठी मी घेतलीय.

हायवेला खरी भीती उसाच्या ट्रॉल्यांची. गाळप सुरू झालं की ऑक्टोबरअखेर ते मार्च, डबल ट्रॉली, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि आपली उंची एवढी कमी की ट्रकच्या चाकाची नाभी तोंडासमोर येते. ह्या सीझनमध्ये अंधार पडल्यावर मी ही गाडी बाहेर काढत नाही, नियमच. गावात स्पीडब्रेकरला तिरकी घालायची, सायलेन्सर फार खाली आहे. सात रस्त्याला सिग्नलवर थांबलो की रिक्षावाले, शाळेची पोरं, भाजीवाल्या मावशी, सगळे विचारतात "ओ, ही कुठली ओ?" आणि मला सांगायला मनापासून आवडतं. एकदा एका म्हाताऱ्या काकांनी पार्क चौकात गाडी बाजूला घ्यायला लावली आणि डॉक्टरसाहेब हीच गाडी घेऊन त्यांच्या घरी व्हिजिटला आले होते ते सांगितलं, डोळ्यात पाणी होतं त्यांच्या.

उन्हाचं बोलतो. मे महिन्यात आपल्याकडे ४३-४४ सहज जातं आणि ही गाडी बनलीय इंग्लंडच्या थंडीसाठी. इंजिनच्या एकाच बाजूला खाली एक्झॉस्ट आणि त्याच्या डोक्यावर दोन्ही कार्ब्युरेटर, मध्ये नुसता एक पत्रा. चालत असताना वाऱ्याने निभावतं, पण पाच-दहा मिनिटं बंद करून उभी केली की वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि परत चालू होताना त्रास देते. उपाय सोपे आहेत. तो मधला पत्रा आणि त्यावरचं अस्तर शाबूत पाहिजे, रेडिएटर नव्या कोरने भरून घ्यायचा, पितळी आहे त्यामुळे आपले रेडिएटरवाले मस्त करून देतात, आणि थांबलो की बोनेट उघडून ठेवायचं. सीट काळ्या रेक्झिनच्या, एप्रिलमध्ये बसलं की पाठ भाजते, त्यावर मी सोलापुरी चादर अंथरतो. शोसाठी म्हणून नाही, सुती आहे, घाम ओढते आणि धुता येते.

पेट्रोल हा मोठा विषय आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल असलेलंच मिळतं, आणि आपल्या जिल्ह्यात तर साखर कारखान्यांची रांग लागलीय, म्हणजे आपल्याच उसाचं. शेतकऱ्याचं भलं होत असेल तर आनंदच आहे, पण १९७३ च्या रबराला ते झेपत नाही. जुना पेट्रोल पाइप आतून फुगतो, त्याचे काळे कण कार्ब्युरेटरमध्ये येतात, आणि तो पाइप फुटला तर खाली गरम एक्झॉस्ट आहे हे लक्षात घ्या. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे होज इथेनॉल झेपणारे टाकले, फ्लोटच्या सुया बदलल्या. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं म्हणून कार्ब्युरेटरचे जेट थोडे खाली घेऊन पेट्रोल वाढवलं. एसयूचं हेच चांगलं, खालचा नट एक-एक कड फिरवायचा आणि प्लगचा रंग बघायचा, लॅपटॉप लागत नाही. आणि इथेनॉल पाणी धरतं, त्यामुळे टाकी भरून महिनोन्‌महिने उभी ठेवणं आता पूर्वीपेक्षा जास्त घातक झालंय. ऑइल २०डब्ल्यू-५०, आपल्याकडे सहज मिळतं, आणि चालो न चालो, वर्षातून एकदा बदलायचंच.

आरटीओचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आलीय, नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात. मान आहे त्यात, पण तशी नोंद केली की गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. माझी आधीपासून साध्या नोंदणीवर आहे, दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून रिन्यू करायची आणि ग्रीन टॅक्स भरायचा. कटकट आहे, तरी मी व्हिंटेजकडे वळलो नाही, कारण मला रविवारी सकाळी उठून कुणाला कारण न सांगता नळदुर्गला जाता आलं पाहिजे.

पार्ट मिळतात का, तर मिळतात. इंग्लंडमध्ये ह्या गाडीचा अख्खा बॉडीशेल आजही नवा बनून मिळतो, मग वॉशर-कपची काय कथा. भाव तिकडे वाजवी, पण कुरिअर आणि कस्टम धरून इथं येईपर्यंत जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून किरकोळ वस्तू सुट्या न मागवता वर्षाची यादी करून एकदम मागवायच्या. बुश-बेअरिंग लेथवर इथंच होतं. पुढच्या किंगपिनला ग्रीस गन मारायला विसरायचं नाही, ३ हजार मैलांनी असं पुस्तकात आहे पण आपल्या धुळीत मी त्याच्या निम्म्यावरच मारतो.

आता लोक मला सांगतात की चालवू नको, आकडा वाढला की किंमत पडेल. मुंबई-पुण्यात काही लोक अशा गाड्या एसी गॅरेजमध्ये ठेवतात आणि ट्रेलरवर शोला नेतात. त्यांची गाडी, त्यांचा पैसा. पण मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय की उभं राहून हिचं काय झालं होतं, आणि चालायला लागल्यापासून एक एक तक्रार कशी आपोआप गेली. सुरुवातीला मागच्या ऑइल सीलमधून थेंब पडायचा, कोरडं पडलेलं सील ऑइल लागून मऊ झालं, आता फरशी जवळपास कोरडी. ब्रेक एका बाजूला ओढायचे ते सरळ झाले. घड्याळाचा काटा सुद्धा फिरायला लागला. त्यामुळे आकडा वाढतोय त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, दर आठवड्याला इंजिन पूर्ण गरम होईल एवढी चालवतोच. नुसती जागेवर दहा मिनिटं चालू करून बंद करू नका, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो आतून गंजतो.

घ्यायची असेल तर बजेटचं साधं गणित: गाडीच्या किमतीच्या वर किमान एक चतुर्थांश रक्कम बाजूला काढा, आणि आधी मेस्त्री शोधा, मग गाडी. खाली दाराच्या उंबऱ्याला, म्हणजे सिलला, चुंबक लावून बघा, ही गाडी चेसिसवर नाही, बॉडीच सगळं वजन पेलते, तिथं गंज असेल तर मीटरवर ५०० मैल असले तरी सोडून द्या. आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेचं हे एक मोठं देणं, माझे सिल ठणठणीत निघाले.

मार्क द्यायचे तर चालवायला पाचपैकी पाच, मेंटेनन्सला साडेतीन, उन्हाळ्याला तीन. हूडला, म्हणजे वरच्या कापडी टपाला, दोनच. मूळ हूड अजून आहे, पण घडीच्या रेषेवर चिरत आलाय आणि मागची प्लास्टिकची काच पिवळी पडून आरपार काही दिसत नाही. नवा तयार मागवण्यापेक्षा इथल्या कुशनवाल्याकडून जुन्याच्या मापाने शिवून घ्यायचं ठरवलंय, माप देऊन झालंय, कापड यायचंय. जूनच्या आत झाला तर पावसाळ्यात पण बाहेर काढेन.